मला ओहोटीला सोडा

बायको गेली तेव्हा घरात भिंतीवर घड्याळ होतं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता, आणि मला वेळ कळत नव्हती. हे वाचून कुणी म्हणेल, म्हातारा भ्रमिष्ट झाला. तसं काही नाही. घड्याळ मला कळतं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण काटे वाचता येतात. मी म्हणतो ती वेळ खाडीची.

आमचं गाव भिवंडीच्या खाडीपट्ट्यात. आज मानकोलीकडून आत वळलात तर निळ्या पत्र्यांची गोडाऊनं लागतात, एकामागे एक, आणि त्यांच्या मागे कुठेतरी आमची घरं. मी लहान होतो तेव्हा दारातून खाडी दिसायची. मधे नुसतं खाजण, म्हणजे खाऱ्या मातीची भातशेती, आणि पाणी अडवायला घातलेला बांध. घड्याळ अख्ख्या गावात एकाच्या घरी होतं आणि ते बंद होतं. कुणाला गरजच नव्हती. पाणी चढलं की होडी पलीकडच्या काठाला जायची, उतरलं की गुडघाभर चिखल. चिंबोऱ्या धरायच्या त्या ओहोटीला, पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचा तो पाणी फिरताना. कुणाला बोलवायचं तर "भरतीला ये" म्हणायचं. तो बरोबर यायचा.

भरती कधी, हे प्रत्येकाच्या तोंडावर होतं. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. अष्टमी असली तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे मुंबईच्या समुद्राला सहाला भरती. आपण आत, त्यामुळे आपल्याकडे पाणी तास-दीड तास मागून. पाढे न येणारा माणूसही हे करायचा. मीही करायचो. आयुष्यभर मला वाटत होतं की हे सगळं मी करतो.

आता सांगतो ती गोष्ट बायकोची. ती डोंगराकडच्या गावातली. तिच्या माहेरी पाणी एक तर आभाळातून येतं नाहीतर विहिरीतून, आणि आलं की तिथंच राहतं. ते दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. सूर्य उगवतो हे कुणी नव्या सुनेला सांगतं का?

लग्नाला थोडेच दिवस झाले होते. ती भांडी घेऊन काठावर गेली. ओहोटी होती, चांगला कोरडा काठ. राख लावून सगळी भांडी मांडली आणि नारळाची शेंडी आणायला घरात आली. आईने तिला दुसरं काहीतरी काम लावलं. परत गेली तर काठ नाही, भांडी नाहीत. जर्मनचा मोठा टोप खाडीच्या मधोमध डोलत वर चाललेला. ती काठावर उभी राहून त्या टोपाला हाका मारत होती. खरंच सांगतो, हाका. "ये रे, ये रे" म्हणून.

आई हसून हसून खाली बसली. म्हणाली, "अगं, त्याला काय कान हायेत?"

बायकोला राग आला. नवी सून, पण राग आला की दिसायचा. म्हणाली, "तुमचं पानी लबाड हाय. सांगून येत न्हाय."

"सांगतं की. तू ऐकत न्हाईस."

दुसऱ्या दिवशी भरतीला तो टोप परत आला. बांधाला टेकून हलत होता, आत थोडा चिखल आणि एक निवटी, चिखलात उड्या मारणारा मासा. बाकी भांडी गेली ती गेली. बायकोने टोप उचलला, निवटी खाडीत टाकली, आणि त्या दिवसापासून पाण्याच्या मागे लागली. आईला विचार, मला विचार, शेजारणीला विचार. वर्ष झालं तेव्हा आई तिला विचारायला लागली.

तिचा एक फायदा होता. ती उपासाची बाई. चतुर्थी, एकादशी, सगळं धरायची. त्यामुळे आज तिथी कोणती हे तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं, ते तिच्या पोटालाच माहीत असायचं. मी उठलो की विचारायचो, "आज काय गं?" ती चुलीपासून सांगायची, "षष्ठी." मी म्हणायचो, "साडेचार." आणि बाहेर पडायचो, जणू मोठा शहाणा.

मग मी भिवंडीत लूमवर कामाला लागलो. खाजणातलं भात पोटाला पुरत नव्हतं. गावातून शहराकडे जवळची वाट बांधावरून होती आणि बांधाला एका जागी खांड पडलेली. भरतीला तिथं कंबरेएवढं पाणी. मी आपला पाणी उतरलं की निघायचो. गावात सगळे तसंच करायचे, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण भरती रोज पाऊण तास पुढे जाते. त्यामुळे मीही रोज पाऊण तास पुढे. पहिल्या दिवशी वेळेवर, दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशीर, तिसऱ्या दिवशी दीड.

मुकादम यूपीचा होता. कमरेवर हात ठेवून दारात उभा. "क्यों भाई, तुम्हारे गाँव में सूरज रोज़ नए टाइम पे निकलता है?"

मी म्हटलं, "सूरज नहीं, पानी."

"पानी क्या?"

"पानी उतरेगा तब आएगा ना मैं."

लूमचा खडखडाट एवढा, तरी हसण्याचा आवाज वर आला. त्या दिवसापासून माझं नाव पडलं पौना. "अरे पौने, आज पानी उतरा क्या?" मी लूम सोडेपर्यंत तेच नाव. बिहारचे, आजमगडचे, मालेगावचे, सगळे मला पौना म्हणायचे. माझं खरं नाव फार थोड्यांना माहीत असेल.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं ती मुकादमाला शिव्या देईल. तिने मलाच दिल्या. "डोकं हाय का खोकं? शिफ्टला काय भरती-ओहोटी असते? पानी उतरायची वाट कशाला बघायची, चढायच्या आधी जायाचं."

तेव्हापासून रोज तिचं गणित. आज अंधारात उठून बांधावरून जा, पाणी नंतर चढेल. आज आरामात जा, खांड कोरडी आहे. आज दोन्ही जमत नाही, लांबच्या रस्त्याने चालत जा, आणि त्या दिवशी भाकरीबरोबर सुकट जास्त. मी कधी उशिरा पोचलो नाही. मुकादम म्हणायचा, "पौना सुधर गया." सुधारलो कसला. खाडीची वेळ आणि लूमची वेळ एकमेकींना जोडून देणारी बाई घरात होती.

आता बदलाचं बोलू. माझ्या वयाचे लोक पारावर बसले की एकच रडगाणं. पूर्वी असं होतं, पूर्वी तसं होतं, माणसं चांगली होती, मासे मोठे होते. मासे मोठे होते हे खरं. बाकीचं मी मानत नाही. ज्याला पूर्वीचं फार गोड वाटतं त्याने माझ्या बायकोसारखं गोड्या पाण्याच्या विहिरीवरून डोक्यावर हंडे घेऊन खाजणाच्या बांधावरून चालून दाखवावं, पोटात पोर घेऊन. आमच्या घरात नळ आला त्या दिवशी ती नळाखाली नुसता हात धरून उभी होती. मी म्हटलं, "अगं, बंद कर, पाणी फुकट जातंय." म्हणाली, "जाव दे. एवढी वर्षं मी फुकट गेले."

गॅस आला, तिचा खोकला गेला. खाडीवर पूल झाला, होडी गेली, आणि बाळंतिणीला पलीकडे न्यायला भरतीची वाट बघावी लागत नाही. होडी छान दिसायची, कबूल. पण छान दिसणाऱ्या होडीत कळा काढणारी बाई बसलेली मी पाहिली आहे. मला पूलच आवडतो.

खाजण गेलं, त्यावर गोडाऊनं उभी राहिली. मुलाने टेम्पो घेतला. सून वळ गावातल्या एका गोडाऊनात कामाला लागली. पॅन्ट घालते, गळ्यात ओळखपत्र, हातात ते लाल उजेडाचं यंत्र, खोक्यावर धरलं की टूं वाजतं. दुपारची ड्युटी. स्कूटीवरून जाते. मला पहिल्यांदा कसंतरी वाटलं. बायकोला वाटलं नाही. ती दारात उभी राहून सून दिसेनाशी होईपर्यंत बघायची आणि म्हणायची, "बगा कशी जाते. मना अशी गाडी असती तर तुमच्या आधी भिवंडीला पोचले असते."

पण गोडाऊनं झाली म्हणून खाडी थोडीच कुठे जाते? अमावस्या-पुनवेला मोठं पाणी येतं, त्याला आम्ही उधाण म्हणतो. त्या दिवशी दुपारी खालच्या रस्त्यावर गटारातून पाणी वर येतं, ट्रकसुद्धा थांबतात. सून ड्युटीला निघाली की बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "आज खालून जाव नको गं. मानकोलीवरून जा." मी ऐकायचो. एवढंच. त्यात काय चाललंय याकडे माझं लक्ष नव्हतं.

तिला साखरेचा आजार होता. शेवटी शेवटी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात रक्त साफ करायला सुयांना जोडून पडायची. तेही तिने निमूट केलं असं नाही. डॉक्टरला म्हणाली होती, "माझ्या अंगातपन भरती-ओहोटी लावलीत काय?"

तिने मला जे सांगून ठेवलं ते मात्र आजारपणाच्या आधीचं. चांगली धडधाकट होती. अंगणात बसून चिंबोऱ्या साफ करत होती आणि एकदम म्हणाली, "ऐका. माझी राख नाशिकला-बिशिकला न्यायाची न्हाय. हितंच खाडीत सोडायची. पन ओहोटीला."

मी म्हटलं, "हे काय आता?"

"भरतीला सोडाल तर त्या टोपासारखी परत येईन. बांधाला लागून बसेन. मंग म्हणाल, आलीच हायस तर भांडी घास."

"आलीस तर घासशीलच की."

"तुमच्या जिभेला हाड न्हाय," म्हणाली, आणि चिंबोरीचा मोडलेला डेंगा, म्हणजे नांगी, माझ्या अंगावर टाकला. मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "मना समुद्र बगायचाय. एवढं पानी जातं कुठं ते."

तिने समुद्र पाहिला नव्हता. एवढ्या वर्षांत मुंबई इतकी जवळ, आणि आम्ही गेलो नव्हतो.

ती गेली. घर माणसांनी भरलं. दहावा खाडीवरच करायचा ठरलं. मडक्यात अस्थी घालून घरामागच्या झाडाला टांगल्या होत्या. मुलगा आला, म्हणाला, "बाबा, भटजींना सकाळी नऊचं सांगितलंय. पुढं त्यांना दुसरं काम हाय."

मी म्हणणार होतो, थांब, पाणी बघू दे. तोंड उघडलं आणि कळलं, मला तिथीच माहीत नाही. सुतकाचे दिवस, कुठला दिवस उजाडला आणि कुठला मावळला काही नाही. सवयीने स्वयंपाकघरात गेलो. तिथे खिळ्याला कालनिर्णयाचं पंचांग असायचं, तिच्या उपासाच्या खुणा केलेलं. खिळ्यावर तिचा फोटो होता. कुणीतरी फ्रेम करून आणला आणि दुसरी जागा नव्हती म्हणून तिथं लावला. पंचांग कुठे गेलं, कुणाला माहीत नव्हतं.

मी फोटोकडे बघत राहिलो. "आज काय गं?" तोंडातून निघून गेलं. तेव्हा मला समजलं की आयुष्यभर मी फक्त पाऊणपट करत होतो. जिची पाऊणपट करायची ती तिथी तिच्याकडची. घड्याळाचा अर्धा भाग मी, अर्धा ती, आणि उरलेल्या अर्ध्याने काही वेळ सांगता येत नाही. घरातून आता खाडी दिसत नाही, नाहीतर दारातूनच कळलं असतं.

अजून एक सांगतो, लपवत नाही. आत कुठेतरी असंही वाटलं की राहू दे. नऊ तर नऊ. असेल भरती तर असू दे. सोडू दे यांना भरतीला. परत येऊ दे तिला.

बाहेर मुलगा माणसांना वेळ सांगत होता. तेवढ्यात सुनेचा आवाज आला. "नऊला न्हाय जमायचं."

"का?"

"त्या दिवशी तेरस हाय. नऊला पानी चढत असंल. साडेअकरानंतर फिरंल."

मुलगा म्हणाला, "तुला काय माहीत?"

"आयनी शिकवलंय. रोज ड्युटीला जाताना विचारायची, आज सांग कुठल्या रस्त्यानं जाशील. चुकले की जाव द्यायची न्हाय."

मी दारात येऊन उभा राहिलो. सून माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असणार, सासरे भडकणार. मी म्हटलं, "ती सांगते तसं करा." ज्या गोष्टीने बायको कायमची जाणार होती ती मीच बोललो.

भटजी भला माणूस. म्हणाले, पिंडाचं मी नऊला करून देतो, अस्थी तुम्ही तुमच्या वेळेला सोडा. तसंच झालं. कावळा लगेच आला, त्याने काही आढेवेढे घेतले नाहीत. मग भटजी गेले आणि आम्ही काठावर बसून राहिलो. सून मडकं मांडीजवळ घेऊन.

ऊन वाढलं. माझा मेव्हणा, बायकोचा थोरला भाऊ, डोंगराकडून आलेला. टोपीने वारा घेत म्हणाला, "दाजी, आमच्या बहिणीला जन्मभर पान्याची वाट बगाय लावलीत. आता आमाला पन लावताय."

मी म्हटलं, "तिनेच लावलीय. तिच्याशी भांड."

"तिच्याशी कोन जिंकलंय?" म्हणाला आणि डोळे पुसले.

खाडी आता काळपट झाली आहे. प्लास्टिकच्या बाटल्या, जलपर्णीचे हिरवे पुंजके. ते पुंजके वर, समुद्राच्या उलट दिशेने चालले होते, म्हणजे पाणी चढत होतं. सुनेने एक नारळाची शेंडी उचलून टाकली. तीही वर गेली. थोड्या वेळाने दुसरी टाकली, ती हळू गेली. मुलगा मोबाईलमध्ये बघत होता. म्हणाला, "यात पन भरतीची वेळ दाखवतात, बाबा. पन ही मुंबईची हाय."

सून म्हणाली, "आपल्याकडं मागून." बायको हेच म्हणायची, याच आवाजात.

मग एक वेळ अशी आली की तिसरी शेंडी जिथं टाकली तिथंच राहिली. वर नाही, खाली नाही. जलपर्णीचा मोठा पुंजका पुलाच्या खांबापाशी थांबला. मी त्या शेंडीकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, अशीच राहा.

शेंडी हलली. समुद्राकडे तोंड करून निघाली.

सुनेने मडकं मुलाच्या हातात दिलं. तो पँट दुमडून पाण्यात शिरला. त्याने सोडलं ते मी नीट पाहू शकलो नाही, हार तेवढा दिसला. झेंडूचा हार. तो आधी मुलाच्या पायाभोवती घुटमळला, मग सुटला, मग पाण्याने त्याला धरलं. पुलाखालून गेला. पलीकडे पिवळा ठिपका थोडा वेळ दिसला. मेव्हणा म्हणाला, "बग गं बये, समुद्र."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेला म्हटलं, मला स्कूटीवरून काठावर ने. तिने स्कूटी काढली. भरती पुरी झाली होती. जिथं पूर्वी आमचा बांध होता तिथं आता गोडाऊनची भिंत आहे. मी त्या भिंतीच्या कडेकडेने चालत गेलो आणि पाण्याच्या रेषेला काय काय लागलंय ते बघितलं. बाटल्या, थर्माकोल, एक चप्पल. झेंडूचं एकही फूल नव्हतं. सून मागे उभी होती. म्हणाली, "गेली बाबा ती. बरोबर गेली."

"हो," मी म्हटलं. "बोलली तशी वागली."

घरी आल्यावर तिने फोटोच्या शेजारी दुसरा खिळा ठोकला आणि नवं पंचांग लावलं. आता ती पुन्हा ड्युटीला जाते. मी सकाळी उठून चहा घ्यायला स्वयंपाकघरात जातो. परवा फोटोकडे बघत सवयीने विचारलं, "आज काय गं?"

गॅसपाशी डबा भरता भरता सून म्हणाली, "अवस हाय, बाबा. दुपारी खालच्या रस्त्याला पानी असंल. मानकोलीवरून जाईन."

मी पंधराची पाऊणपट केली, वर दीड तास धरला. तिचं बरोबर होतं. तरी म्हटलं, "सावकाश जा. आणि येताना पण बघून ये."